रिकाम्या यंत्रास आज्ञावली देण्याची रीत : पुण्याचे ‘परम’ आणि लिनक्समधील नेटवर्क कार्डे

यंत्र आणि यंत्रास द्यावयाची आज्ञा ह्यांमधील सीमा संगणकाच्या इतिहासात एका जागी कधीच स्थिर राहिलेली नाही. जे प्रारंभी तारांच्या जुळणीने साधले जाई ते पुढे कागदी फितीवर आले. फितीवरचे चिपमध्ये कोरले गेले. आणि चिपमध्ये कोरलेले कालांतराने पुन्हा बाहेर पडून एका सामान्य फाइलीच्या रूपाने तबकडीवर जाऊन बसले. ह्या स्थलांतराचे सर्वांच्या रोजच्या वापरातील, परंतु क्वचितच विचारात घेतले गेलेले उदाहरण म्हणजे संगणकातील नेटवर्क कार्ड होय. नाशिकमधील एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत जुन्या यंत्रावर लिनक्स ही मुक्त कार्यप्रणाली बसविणाऱ्या विद्यार्थ्यास अनेकदा असा अनुभव येई की, यंत्रास कार्ड सापडलेले आहे, कार्डाचे नावही पडद्यावर उमटलेले आहे, तथापि ‘अमुक नावाची फाइल आढळली नाही’ अशी तक्रार करून यंत्र तेथेच थांबे. ती फाइल मिळविण्यास इंटरनेट हवे, आणि इंटरनेट मिळण्यास ती फाइल हवी, असा हा बीजवृक्षन्याय होता. कार्ड धड आहे, ते चालविणारी आज्ञावली धड आहे, मग ही तिसरी वस्तू कोणती, ती कार्डाच्या पोटात असावयाची सोडून बाहेर का आली, आणि ती कोणाच्या मालकीची, हे प्रश्न दिसतात तितके क्षुल्लक नाहीत. त्यांचा महाराष्ट्रातील एक धागा पुण्याच्या गणेशखिंडीपर्यंत जाऊन पोहोचतो.

ह्या तिसऱ्या वस्तूस ‘फर्मवेअर’ म्हणतात. हा शब्द अ‍ॅशर ओप्लर ह्यांनी १९६७ साली एका लेखात प्रथम योजिला. यंत्राचा न बदलणारा भाग म्हणजे हार्डवेअर व सहज बदलणारी आज्ञावली म्हणजे सॉफ्टवेअर. ह्या दोहोंच्या मध्ये बसणारी, बदलता येण्यासारखी परंतु सहसा न बदलली जाणारी सूक्ष्म आज्ञावली त्यांच्या मनात होती. मराठीत ह्या संज्ञेस अद्याप सर्वमान्य प्रतिशब्द रुळलेला नाही; यास्तव येथे मूळ शब्दच ठेवला आहे. ओप्लर ह्यांच्या व्याख्येतील ‘सहसा न बदलणारी’ हा भाग पुढे गळून पडला, ही गोष्ट मात्र ध्यानात ठेवावयास हवी. आजचे फर्मवेअर यंत्र सुरू होताना दर वेळी नव्याने भरले जाते आणि वीज जाताच पुसले जाते. ज्यास ‘दृढ’ म्हणून नाव मिळाले तेच सर्वांत क्षणभंगुर ठरावे, हा भाषेच्या इतिहासातील एक विनोदच म्हणावयाचा.

नेटवर्क कार्डास स्वतःच्या आज्ञावलीची गरज का भासावी? प्रारंभीच्या कार्डांस ती नव्हती. १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सर्वत्र पसरलेले एन-ई-२००० हे कार्ड घेतले तर त्यावर कोणताही स्वतंत्र संगणक नव्हता. येणाऱ्या-जाणाऱ्या संदेशांची उचलठेव करणारी एक ठरीव चिप, थोडी स्मृती आणि कार्डाचा पत्ता साठविणारी एक लहानशी चिप एवढाच त्याचा संसार. उरलेले सर्व काम मुख्य संगणकाने करावयाचे. तथापि जालाचा वेग वाढला तसा हा भार मुख्य संगणकास पेलेनासा झाला. एका सेकंदास एक अब्ज बिट वाहून नेणारी कार्डे १९९७-९८ च्या सुमारास आली तेव्हा अल्टिऑन कंपनीच्या ‘टायगन’ चिपमध्ये लहानसे प्रोसेसरच बसविलेले होते. बिनतारी कार्डांच्या बाबतीत तर हे अपरिहार्यच झाले. कारण हवेतील लहर मोकळी केव्हा आहे हे पाहणे, संदेश पोहोचल्याची पावती सेकंदाच्या काही लाखांश भागात परत पाठविणे, ही कामे मुख्य संगणकाकडे विचारणा करीत बसून होण्यासारखी नाहीत. अशा रीतीने कार्ड हे स्वतःच एक संगणक बनले, आणि संगणक म्हटला की त्यास आज्ञावली आली.

ती आज्ञावली कार्डावरच कायम स्मृतीत कोरून ठेवता येते, आणि अनेक वर्षे तसेच केले जाई. परंतु कायम स्मृतीस पैसे पडतात. आज्ञावलीत चूक निघाली तर विकलेली सर्व कार्डे परत मागवावी लागतात. त्याऐवजी कार्डावर केवळ तात्पुरती स्मृती ठेवावी आणि मुख्य संगणकाच्या तबकडीवरून दर वेळी आज्ञावली पाठवावी, ही युक्ती निर्मात्यास सोयीची वाटली तर नवल नाही. ही युक्ती मात्र नेटवर्क कार्डांच्या निर्मात्यांनी शोधलेली नव्हे. १९६९ साली अमेरिकेत आर्पानेट हे जाल सुरू झाले तेव्हा त्याच्या प्रत्येक नाक्यावर ‘इम्प’ नावाचा एक संगणक संदेशांची वाटणी करी. प्रारंभी त्यात कागदी फितीवरून आज्ञावली भरावी लागे. पुढे बिघडलेल्या इम्पला त्याच्या शेजारचा इम्प जालावरूनच आज्ञावलीची प्रत पाठवू लागला. १९७१ साली आय-बी-एम कंपनीने जी पहिली फ्लॉपी तबकडी काढली तीही ग्राहकाच्या कागदपत्रांसाठी नव्हती. तबकड्यांचे नियंत्रण करणाऱ्या यंत्रात सूक्ष्म आज्ञावली भरण्यासाठी ती होती, आणि तिच्यात सुमारे ८० किलोबाइट मावत. एका पिढीने जी वस्तू पत्रव्यवहार व हिशेब ठेवण्याचे साधन म्हणून ओळखली ती मुळात फर्मवेअरची टोपली होती.

पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्र, अर्थात सी-डॅक, मार्च १९८८ मध्ये स्थापन झाले. त्यामागील कारण प्रसिद्ध आहे. अमेरिकेतील क्रे कंपनीचे महासंगणक मिळण्यास तेथील शासनाच्या निर्यातबंधनांचा अडसर होता. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीस जे क्रे एक्स-एम-पी/१४ यंत्र मिळाले त्याच्या वापरावरही अटी होत्या. तीन वर्षांची मुदत आणि सुमारे तीस कोटी रुपये एवढ्या बळावर डॉ. विजय भटकर ह्यांच्या नेतृत्वाखाली पुणे विद्यापीठाच्या परिसरात जे काम झाले त्यातून १९९१ साली ‘परम ८०००’ हे यंत्र सिद्ध झाले. एकच अतिवेगवान प्रोसेसर बनविणे शक्य नव्हते, म्हणून अनेक सामान्य प्रोसेसर एकत्र जोडून काम वाटून द्यावयाचे, हे त्याचे तत्त्व. पहिले यंत्र ६४ प्रोसेसरांचे होते. ‘परम’विषयीच्या लेखनात स्वाभिमानाचा भाग पुष्कळ आढळतो व तो योग्यही आहे; परंतु त्या यंत्राच्या पोटातील एक गोष्ट, म्हणजे सकाळी कळ दाबल्यावर त्या चौसष्ट रिकाम्या डोक्यांत पहिली आज्ञा कशी शिरत असे ही, फारशी कोणी सांगितलेली नाही. प्रस्तुत विषयाशी तिचा संबंध निकटचा आहे.

‘परम ८०००’मधील प्रोसेसर ‘ट्रान्सप्युटर’ जातीचे होते. इंग्लंडातील ब्रिस्टल येथील इनमॉस कंपनीने ते निर्माण केले. तिचा टी-८०० हा नमुना १९८७ चा. ह्या चिपचे वैशिष्ट्य असे की, गणन करणारा भाग, चार किलोबाइट स्मृती आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार दुवे हे सर्व एकाच तुकड्यावर होते. प्रत्येक दुवा म्हणजे जाणारी एक आणि येणारी एक अशा दोन तारा; वेग सेकंदास वीस दशलक्ष बिटपर्यंत. म्हणजे प्रत्येक ट्रान्सप्युटर हा एकाच वेळी संगणकही होता आणि नेटवर्क कार्डही. त्याच्या एका पायाची विद्युत्पातळी उंच ठेवली तर तो कायम स्मृतीतून आज्ञावली उचली. नीच ठेवली तर मात्र तो काहीही न करता चारही दुव्यांकडे कान लावून बसे.

ह्या कान लावून बसण्याचा नियम इतका नेटका आहे की तो सविस्तर देणे उचित होईल. कोणत्याही दुव्यावरून जो पहिला बाइट येईल त्याची किंमत ट्रान्सप्युटर पाही. ती शून्य असेल तर पुढे येणारा पत्ता व पुढे येणारी संख्या घेऊन ती संख्या त्या पत्त्यावर लिहून ठेवावयाची आणि पुन्हा वाट पाहावयाची. ती एक असेल तर पुढील पत्त्यावरची संख्या वाचून त्याच दुव्यावरून परत पाठवावयाची. आणि ती दोन किंवा त्याहून अधिक असेल तर तितके बाइट आज्ञावली म्हणून स्मृतीत उतरवून घ्यावयाचे आणि लगेच ती आज्ञावली चालू करावयाची. एका बाइटात २५५ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. त्यामुळे पहिली आज्ञावली जास्तीत जास्त २५५ बाइटांची. तेवढ्यात मोठे काही होत नाही. परंतु तेवढ्यात दुसरी, अधिक मोठी आज्ञावली मागवून घेण्याइतकी अक्कल मात्र मावते. ही दुसरी आज्ञावली आली की ती आपल्या उरलेल्या दुव्यांवरून शेजाऱ्यांना तोच पाठ देऊ लागे. कोणत्या दुव्यावरून आपणांस पहिला शब्द आला हे यंत्राच्या एका नोंदस्थानात आपोआप राहत असल्याने मागे कोण व पुढे कोण ह्याचा घोळ होत नसे. एका यजमान संगणकाने एका ट्रान्सप्युटरच्या कानात सांगावे, त्याने शेजाऱ्यांच्या, त्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांच्या, असे करीत सबंध जाळे जागे होत असे. जागे करता करताच जाळ्याची रचना शोधून काढणाऱ्या अशा आज्ञावलीस त्या वर्तुळात ‘अळी’ म्हणत.

ह्यात दोन गोष्टी विशेष लक्षणीय आहेत. पहिली ही की, ट्रान्सप्युटरमध्ये कायमची आज्ञावली अशी काहीच नसताही त्यास जागे करता येई, कारण जागे होण्याचा नियमच सिलिकनमध्ये होता. दुसरी ही की, हा नियम इनमॉसने आपल्या पुस्तिकांतून छापून प्रसिद्ध केलेला होता. ज्यास ती पुस्तिका वाचता येई त्यास ते पहिले २५५ बाइट स्वतः लिहिता येत. ‘परम’ यंत्राच्या स्वदेशीपणाविषयी बोलताना हा मुद्दा सहसा निसटतो. प्रोसेसर परदेशी होता, ही गोष्ट टीकाकार आवर्जून सांगतात. वरची ‘परास’ ही कार्यपरिस्थिती पुण्यात घडली, ही गोष्ट समर्थक सांगतात. दोहोंच्या मधली गोष्ट अशी की, परदेशी चिप आणि स्वदेशी आज्ञावली ह्यांच्यामध्ये तिसऱ्या कोणाची मोहोरबंद पेटी नव्हती. पुण्यातील अभियंत्यांस स्वातंत्र्य मिळाले ते चिप स्वतः घडविल्यामुळे नव्हे, तर चिपशी बोलण्याची रीत उघड असल्यामुळे मिळाले.

पुढे ट्रान्सप्युटर मागे पडला. इनमॉस कंपनी १९८९ साली एस-जी-एस थॉमसन ह्या युरोपीय कंपनीकडे गेली, आणि तिचा पुढील नमुना लांबत राहिला. १९९२ च्या ‘परम ८६००’ ह्या यंत्रात सी-डॅकने गणनासाठी इंटेलचा आय-८६० हा अधिक बलवान प्रोसेसर घेतला. ट्रान्सप्युटरांकडे निरोप्याचे काम उरले. म्हणजे ज्यास संगणक म्हणून आणले तो दुसऱ्या संगणकाचे नेटवर्क कार्ड होऊन बसला. इतिहासात असे पदावनत झालेले पुष्कळ असतात. परंतु ह्या पदावनतीत आजच्या नेटवर्क कार्डाची आकृती स्पष्ट दिसते. मोठ्या प्रोसेसरच्या सेवेस एक लहान प्रोसेसर, तो जन्मतः रिकामा, आणि त्यास दर वेळी बाहेरून शिकवावयाचे.

घराघरांतील व महाविद्यालयांतील संगणकांकडे वळल्यास तेथे हीच समस्या लिनक्सच्या इतिहासात अधिक गुंतागुंतीची झालेली आढळते. लिनक्समध्ये प्रत्येक उपकरणासाठी एक चालक आज्ञावली असते. तीस सर्वत्र ‘ड्रायव्हर’ म्हणतात. यंत्र सुरू होताना प्रत्येक कार्ड आपल्या निर्मात्याचा क्रमांक व आपला स्वतःचा क्रमांक सांगते. कार्यप्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, त्यावरून योग्य तो ड्रायव्हर निवडतो. प्रारंभी फर्मवेअर हे ड्रायव्हरच्या मूळ संहितेतच आकड्यांच्या लांबलचक कोष्टकाच्या रूपाने घातले जाई. वर उल्लेखिलेल्या अल्टिऑनच्या कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये असेच होते. हा मार्ग सोपा खरा, परंतु त्यात दोन दोष होते. ते कार्ड ज्यांच्याकडे नाही त्यांच्याही पदरात ते आकडे पडत. आणि ज्या संहितेचा परवाना ‘मूळ लेखन सर्वांस उघड असावे’ असे सांगतो तिच्या पोटात मूळ लेखन कोणासही ठाऊक नसलेले आकडे राहत.

२००३ साली स्पेनमधील मान्युएल एस्त्रादा साइन्स ह्यांनी ह्यावर जी योजना लिहिली तिच्यावर पुढील सर्व इमारत उभी आहे. ड्रायव्हरने कर्नलकडे फक्त फाइलीचे नाव सांगावयाचे. कर्नल एक तात्पुरते खाते उघडून बाहेरच्या सेवक आज्ञावलीस हाक मारी. सेवक ठरलेल्या ठिकाणी ती फाइल शोधी. ‘भरणे सुरू’ अशी खूण म्हणून एका जागी १ लिही. फाइलीतील मजकूर दुसऱ्या जागी ओती. आणि शेवटी पहिल्या जागी ० लिहून काम संपल्याचे कळवी. ठराविक वेळेत, पुढील काळात साठ सेकंदांत, सेवकाकडून उत्तर न आल्यास ड्रायव्हरला नकार मिळे. साइन्स ह्यांचे दुसऱ्याच वर्षी, २००४ मध्ये, रस्त्यावरील अपघातात निधन झाले. त्यांनी नेमलेले ड्रायव्हरच्या विनंतीचे नाव मात्र आजतागायत त्याच शब्दांत चालू आहे.

फाइल हाती आल्यावर ड्रायव्हर काय करतो हे पाहिले असता ट्रान्सप्युटरचीच आठवण होते. प्रथम कार्डावरील प्रोसेसर थोपवून धरावयाचा. फाइलीचा मथळा व बेरीज तपासावयाची. मजकूर तुकड्यातुकड्यांनी कार्डाच्या स्मृतीत उतरवावयाचा. मग प्रोसेसर मोकळा सोडून ‘मी जागा झालो’ ह्या त्याच्या निरोपाची वाट पाहावयाची. इंटेलच्या काही बिनतारी कार्डांत तर हे दोनदा करावे लागे: पहिली आज्ञावली केवळ रेडिओची मोजमापे जुळविण्यापुरती, आणि ती संपली की दुसरी, प्रत्यक्ष कामाची. यु-एस-बी मार्गाने जोडल्या जाणाऱ्या काही उपकरणांची तऱ्हा आणखी निराळी. ती प्रथम एका क्रमांकाने आपली ओळख सांगतात, आज्ञावली घेतात, मग आपण होऊन जोडणी सोडतात आणि नव्या क्रमांकाने जणू दुसरेच उपकरण असल्याप्रमाणे पुन्हा हजर होतात. फाइलीच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असतो, आणि इंटेलचा ड्रायव्हर आपणांस समजणाऱ्या सर्वांत वरच्या क्रमांकापासून खाली उतरत एकेक फाइल मागत जातो. ड्रायव्हर आणि फर्मवेअर हे निरनिराळ्या हातांनी, निरनिराळ्या वेळी लिहिले जात असल्याने परस्परांस ओळखण्याची ही खूण ठेवावी लागली.

साइन्स ह्यांच्या योजनेत एक उणीव होती व ती नऊ वर्षांनी उघडी पडली. फाइल आणण्याचे काम कर्नलच्या बाहेरील सेवकाकडे होते. २०१२ साली त्या सेवकाच्या कामाच्या रीतीत बदल झाला, आणि असा पेच पडला की, सेवक ड्रायव्हरचे काम संपण्याची वाट पाहात आहे, ड्रायव्हर फाइलीची वाट पाहात आहे, आणि फाइलीची मागणी सेवकाच्या दाराशी रांगेत उभी आहे. मुदत संपेपर्यंत यंत्र नुसते थिजून राही. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये ह्या दोषाची जबाबदारी कोणाची ह्यावर लिनक्सच्या प्रवर्तकांत तीव्र वाद झाला. लिनस टॉरवल्ड्स ह्यांचे मत असे की, कर्नलला तबकडी वाचता येत असताना मध्यस्थ हवाच कशास? डिसेंबर २०१२ मध्ये निघालेल्या ३.७ ह्या आवृत्तीपासून कर्नल स्वतःच ठरलेल्या चार जागी क्रमाने फाइल शोधू लागला, आणि २०१४ मध्ये सेवकाकडील ते काम कायमचे काढून घेण्यात आले. वादातील भाषा कडवट होती हे खरे. तथापि निर्णय योग्य होता असेच आज म्हणावे लागते. एक अडचण मात्र मध्यस्थ गेल्यावरही उरली. ड्रायव्हर कर्नलमध्येच बांधलेला असेल तर तो तबकडी जोडली जाण्यापूर्वीच फाइल मागतो, आणि ती अर्थातच मिळत नाही. म्हणून आरंभीच्या लहान तात्पुरत्या तबकडीतही तिची प्रत ठेवावी लागते.

आता मालकीचा प्रश्न. २००८ मध्ये डेव्हिड वुडहाउस ह्यांच्या प्रयत्नाने ड्रायव्हरांच्या संहितेतील आकड्यांची कोष्टके बाहेर काढून स्वतंत्र भांडारात ठेवण्यास प्रारंभ झाला. २०१७ च्या ४.१४ आवृत्तीत कर्नलमधील शेवटचा साठाही गेला. कर्नल स्वच्छ झाला. परंतु त्यामुळेच, आतापर्यंत संहितेत मिसळून गेलेली बंद आज्ञावली एका जागी ढीग करून दिसू लागली. डेबियन ह्या स्वयंसेवकांच्या संघटनेने, आपल्या सामाजिक करारास अनुसरून, २०११ च्या सहाव्या आवृत्तीपासून असे फर्मवेअर कर्नलमधून वगळले. नाशिकच्या विद्यार्थ्यास जी तक्रार पडद्यावर दिसे तिचे मूळ ह्या निर्णयात आहे. निर्णय तत्त्वनिष्ठ होता, पण त्याचा त्रास ज्याच्याजवळ एकच यंत्र व एकच बिनतारी जोडणी त्यास सर्वांत अधिक झाला. अखेर २०२२ मध्ये संघटनेच्या सभासदांनी मतदान करून करारातच दुरुस्ती केली, आणि जून २०२३ मधील बाराव्या आवृत्तीच्या अधिकृत स्थापना-संचात आवश्यक ते बंद फर्मवेअर समाविष्ट झाले.

ह्या सर्व वादात एक तार्किक विसंगती होती व ती टीकाकारांनी वारंवार दाखविली. तीच आज्ञावली कार्डावर कायम कोरलेली असली तर मुक्त आज्ञावलीचे कट्टर पुरस्कर्तेही तिला सर्किटचाच भाग मानून सोडून देत. तीच फाइल होऊन तबकडीवर आली की ती अग्राह्य ठरे. वस्तू एकच, जागा बदलली एवढ्याने तिचे पावित्र्य कसे बदलते? विसंगती मान्य करूनही असे म्हणता येईल की, जागा बदलल्यावाचून प्रश्नच उभा राहिला नसता. कोरलेली आज्ञावली कोणी मागत नाही, कारण ती आहे हेच कोणास ठाऊक नसते. खर्चात बचत करण्यासाठी निर्मात्यांनी ती बाहेर काढली, आणि ती बाहेर आली तेव्हा ती वाचावी, तपासावी, बदलावी अशी इच्छा प्रथमच निर्माण झाली.

त्या इच्छेतून काही मौलिक कामही झाले. ब्रॉडकॉमच्या बिनतारी कार्डांची माहिती प्रसिद्ध नसताना काही स्वयंसेवकांनी दुसऱ्या कार्यप्रणालीच्या ड्रायव्हरचे वर्तन न्याहाळून, त्याच्या पोटातून फर्मवेअर कापून काढणारे साधन तयार केले. इटलीतील ब्रेशिया विद्यापीठातील संशोधकांनी २००९ मध्ये त्याच कार्डांच्या काही जातींसाठी अथपासून स्वतंत्र फर्मवेअर लिहून ते उघड केले. त्यामुळे अनेक यंत्रांनी एकाच लहरीवर पाळीपाळीने कसे बोलावे ह्याचे नियम बदलून पाहण्याचे प्रयोग विद्यापीठांस स्वस्त कार्डांवर करता येऊ लागले. २०१३ मध्ये क्वालकॉम अथेरॉसने यु-एस-बी जोडणीच्या एका चिपचे फर्मवेअर आपण होऊन प्रसिद्ध केले. अशी उदाहरणे थोडी आहेत. निर्मात्यांच्या बाजूने सांगितले जाणारे कारण असे की, रेडिओची शक्ती व लहरींची मर्यादा फर्मवेअरमध्ये राखलेली असते, आणि ती कोणासही बदलता आली तर कायद्याचा भंग होईल. हे कारण अगदीच पोकळ नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवान्याच्या अटीतून मुक्त झाला तो २००५ मध्ये व ५ गिगाहर्ट्‌झचा व्यापक पट्टा २०१८ मध्ये. प्रत्येक देशाचे नियम निराळे व काळानुसार बदलणारे. परंतु बंद ठेवल्याने सुरक्षितता येते हे मात्र २०१७ मध्ये खोटे ठरले. त्या वर्षी ब्रॉडकॉमच्या चिपमधील फर्मवेअरमध्ये असे दोष सापडले की, जवळपासच्या कोणासही फोनधारकाच्या कोणत्याही कृतीवाचून त्या चिपमध्ये स्वतःची आज्ञावली चालविता येत होती. आणि ती चिप असंख्य फोनांत होती.

नाशिककरांस ह्या प्रकाराची जाणीव दुसऱ्या क्षेत्रात पूर्वीपासून आहे. ओझर येथील हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात १९६४ पासून मिग विमानांची व पुढे सुखोई विमानांची बांधणी परवान्यावर झाली. विमान येथे उभे राहिले, पण प्रत्येक नकाशा येथला नव्हता. बांधणे आणि जाणणे ह्यांत अंतर असते, आणि ते अंतर किती आहे हे दुरुस्तीच्या वेळी कळते.

सी-डॅकने हे अंतर नेटवर्क कार्डाच्या बाबतीत काही काळ तरी पार केले. १९९८ च्या ‘परम १००००’ यंत्रासाठी केंद्राने ‘परमनेट’ हे स्वतःचे जाल विकसित केले. त्याच्या आठ दारांच्या स्विचमधून प्रत्येक दाराशी दोन्ही दिशांस सेकंदाला चाळीस कोटी बिट जात. ‘परम पद्म’ ह्या एक टेराफ्लॉप क्षमतेच्या यंत्रात दुसरी आवृत्ती आली, वेग अडीच अब्ज बिट; आणि नोव्हेंबर २००८ मध्ये जगातील पहिल्या पाचशे यंत्रांत ६९ वे स्थान मिळविलेल्या ‘परम युवा’त ‘परमनेट-३’. तिच्या कार्डावरील संदेशवाहक सहप्रोसेसरचे नाव ‘जेमिनी’, अठ्ठेचाळीस दारांच्या स्विचचे ‘अन्वय’, आणि ड्रायव्हरपासून वरच्या सर्व आज्ञावलीचे ‘क्षिप्रा’. नाशिकच्या वाचकास ह्या शेवटच्या नावात सिंहस्थाची दुसरी नदी दिसेल. क्षिप्र म्हणजे त्वरित, हा अर्थही योजकांच्या मनात असावा. ह्या व्यवस्थेत कार्ड घडविणारे व ड्रायव्हर लिहिणारे एकाच छपराखाली होते. एकाने दुसऱ्यास न समजणारी फाइल देण्याचा प्रसंगच तेथे संभवत नव्हता.

२०२० मध्ये पुण्यासच उभारलेल्या ‘परम सिद्धि’ यंत्रातील जाल मात्र मेलानॉक्स ह्या मूळ इस्रायली कंपनीचे आहे. त्या कार्डांचे फर्मवेअर कार्डावरच्याच फ्लॅश स्मृतीत राहते, निर्मात्याच्या सहीवाचून नवे स्वीकारीत नाही, आणि तबकडीवरील फाइलीच्या रूपाने दृष्टीसही पडत नाही. त्याच केंद्रात राष्ट्रीय महासंगणन अभियानाखाली ‘त्रिनेत्र’ ह्या नावाने नव्या स्वदेशी जालाचे काम हाती घेण्यात आले.